मीटिंगमधलं लाइव्ह कॅप्शन आणि कॉलरचा माइक: कमी ऐकू येणाऱ्या बाईने वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

"उद्यापर्यंत होणार नाही" या वाक्यातलं शेवटचं "नाही" मला ऐकू आलं नाही आणि मी क्लायंटला मेल करून टाकला की उद्या देतोय. वर्षभरापूर्वीची गोष्ट. पुढे जे व्हायचं ते झालं, माफीचे मेल, रात्री जागून काम, आणि ज्या मुलाने ते वाक्य बोललं होतं तो सगळ्यांसमोर मला म्हणाला की मॅडम मी स्पष्ट सांगितलं होतं. त्याने सांगितलंच होतं. मला "उद्यापर्यंत होणार" एवढंच ऐकू आलं होतं.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दोन्हीकडे मशीन आहे, केसांखाली झाकलेलं असतं त्यामुळे ऑफिसमध्ये फारसं कुणाला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी मीटिंगमध्ये निम्मं ऐकून आणि निम्मं अंदाजाने चालवत होते. त्या मेलनंतर दुसऱ्या दिवशी टीमलीड मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि पहिल्यांदा सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला काय लागेल ते सांग." तेव्हा मला उत्तर देता आलं नाही कारण मी कधी तसा विचारच केला नव्हता. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन नीट बोलले आणि दोन गोष्टी ठरल्या. एक, सगळ्या ऑनलाइन मीटिंगला लाइव्ह कॅप्शन चालू ठेवायचं, म्हणजे बोललेलं लगेच खाली अक्षरांत दिसतं ती सोय. दुसरी, एक छोटा वायरलेस माइक, बोलणाऱ्याने कॉलरला लावायचा आणि त्याचा आवाज थेट माझ्या मशीनमध्ये येतो. हा रिव्ह्यू या दोघांचा आहे. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण लाइव्ह कॅप्शन आता जवळपास सगळ्या मोठ्या मीटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माइकही बऱ्याच मशीन कंपन्या बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते ब्रँडवर अवलंबून नाहीये.

आधी थोडं कानाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय हे काय कामाचं ते कळणार नाही. लोकांना वाटतं कमी ऐकू येणं म्हणजे टीव्हीचा आवाज कमी केल्यासारखं, आपण वाढवला की झालं. माझं तसं नाहीये आणि वयानुसार किंवा गोंगाटामुळे ज्यांचं ऐकू येणं कमी होतं त्या बहुतेकांचं तसं नसतं. माझ्या ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ डावीकडून उजवीकडे घसरत जाते, जाड, खालच्या पट्टीतला आवाज मला ३० डेसिबलच्या आसपास ऐकू यायला लागतो, पण ४००० हर्ट्झचा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज ७० डेसिबलपेक्षा मोठा झाला तरच. बोलण्यातला मोठा आवाज असतो स्वरांचा, अ आ ओ, ते खालच्या पट्टीत असतात म्हणून मला कुणीतरी बोलतंय हे व्यवस्थित कळतं. पण शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते व्यंजनांमुळे आणि स, श, फ, थ, ख ही मंडळी वरच्या पट्टीत आणि हळू आवाजाची, ती माझ्याकडे पोचतच नाहीत. त्यामुळे "ऐकू येतं पण कळत नाही" हे वाक्य आमच्यासारख्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. साठमधला स गेला की राहतो आठ. आकड्यांच्या मीटिंगमध्ये याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. तीस आणि वीस तर नुसते ऐकून मला सारखेच. आणि म्हणूनच कुणी ओरडून बोललं तर उपयोग होत नाही, ओरडताना स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, वर तोंड वेडंवाकडं झाल्यामुळे ओठ वाचायचे तेही जमत नाही. ओठ वाचण्याचंही लोकांना फार कौतुक वाटतं, पण प, ब, म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, पापा, बाबा आणि मामा आरशासमोर आवाज न करता बोलून बघा.

त्यात मराठीचं एक वेगळंच आहे जे मला त्या मेलनंतर कळलं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. होणार नाही, जमणार नाही, पाठवलेलं नाही. आणि माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटीच खाली जातो, श्वास संपत आलेला असतो. म्हणजे अख्ख्या वाक्याचा अर्थ ज्या शब्दावर उभा आहे तोच सगळ्यात हळू. ऑनलाइन मीटिंगमध्ये याच्यावर कडी म्हणजे लोक वाक्य संपता संपता म्यूटचं बटण दाबतात आणि "नाही" अर्धं कापलं जातं. चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाचा मेंदू ते "ना.." वरून भरून काढतो. माझा मेंदू आधीच सतरा जागा भरत असतो.

आता कॅप्शन. पहिल्या दिवशी चालू केलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. अकरा जणांची मीटिंग होती आणि मला कळलं की लोक मध्ये मध्ये छोटं छोटं काय बोलत असतात, "हो मीपण तेच म्हणत होतो", "एक मिनिट, हे मागच्या वेळी ठरलं होतं ना", हे सगळं माझ्यासाठी आत्तापर्यंत नुसती गुणगुण होती. मला वाटायचं मी मुद्द्याचं ऐकतेय आणि बाकीचं फालतू आहे. बाकीच्यातच निम्मे निर्णय होत होते.

पण रिव्ह्यू आहे तर खोटं कशाला लिहू. पहिला प्रॉब्लेम उशिराचा. कॅप्शन बोलण्याच्या एक-दोन सेकंद मागे येतं, कधी तीन, आणि मध्येच मागचा शब्द बदलतो कारण पुढचे शब्द आल्यावर सॉफ्टवेअरला कळतं की आधीचा चुकला होता. दोन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जी फट असते ती सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि वेगवेगळ्या भाषांवरच्या अभ्यासात ती थोड्याफार फरकाने तेवढीच सापडलीय. म्हणजे मी वाक्य वाचून संपवते तोवर दुसरा बोलून तिसराही सुरू झालेला असतो. तुम्ही समजून घेता पण तुमची पाळी येतच नाही. सुरुवातीच्या महिन्यात मला सगळं कळायचं आणि मी एक शब्द बोलायचे नाही, असं झालं होतं. याच्यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही, याच्यावर इलाज म्हणजे हात वर करायचं बटण आणि मीटिंग चालवणाऱ्याने ते बघणं. आमच्याकडे मॅडमनी नियमच केला की प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग पुढे जायचं. याचा फायदा मला झालाच पण टीममधली जी दोन-तीन मुलं कधीच बोलायची नाहीत तीही बोलायला लागली, त्यांना ऐकू चांगलं येतं, फक्त घाई जमत नव्हती.

दुसरा प्रॉब्लेम अचूकपणाचा आणि इथे जाहिरातीतल्या आकड्यांकडे जरा नीट बघा. आवाजावरून अक्षरं करणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक मोजायची एक पद्धत आहे, वर्ड एरर रेट म्हणतात, चुकलेले शब्द अधिक गाळलेले शब्द अधिक उगाच घुसलेले शब्द, भागिले खरे एकूण शब्द. दहा शब्दांत एक चुकला तर दहा टक्के चूक, म्हणजे नव्वद टक्के बरोबर, ऐकायला छान. पण या हिशोबात प्रत्येक शब्दाला सारखंच वजन. दहा शब्दांच्या वाक्यातला "तर" गळला काय आणि "नाही" गळला काय, मार्क तेवढेच कापले जातात. माझ्या अनुभवात कॅप्शन नेमकं कुठे चुकतं तर माणसांची नावं, प्रोजेक्टची नावं, आकडे आणि वाक्याचं शेपूट. म्हणजे मीटिंगमधून बाहेर पडताना ज्या चार गोष्टी हातात हव्यात त्याच चार. म्हणून कॅप्शनवर डोळे झाकून मेल करायचा नाही हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. आकडा, तारीख आणि हो-नाही हे तीन मी मीटिंग संपायच्या आत चॅटमध्ये लिहिते आणि विचारते बरोबर का. आधी मला हे विचारायची लाज वाटायची. आता सगळेच लिहितात, मी सुट्टीवर असले तरी लिहितात.

भाषांचं काय तर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एक भाषा निवडावी लागते आणि ऑफिसमध्ये एका भाषेत कोण बोलतं. मराठी निवडली तर इंग्रजी शब्द वेडेवाकडे येतात, इंग्रजी निवडली तर मराठी वाक्याच्या जागी भलतंच काहीतरी इंग्रजी उमटतं जे वाचून वाटतं कुणी असं का बोलेल. मिक्स बोलणं आधीपेक्षा बरं पकडलं जातं हे नक्की, पण एका वाक्यात तीनदा उडी मारली की गडबड. मी आता मीटिंग सुरू होताना विचारून घेते आज जास्त कशात बोलणार आणि त्याप्रमाणे लावते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे डोळ्यांचं. मीटिंगमध्ये स्लाइड बघायची, बोलणाऱ्याचं तोंड बघायचं आणि खाली कॅप्शन वाचायचं, तीन ठिकाणी दोन डोळे. कुणी स्क्रीन शेअर करून "हा कॉलम बघा" म्हणतं तेव्हा मी "हा कॉलम बघा" हे वाचत असते, वर बघते तोवर कॉलम बदललेला. यासाठी मी दुसरा स्क्रीन मागून घेतला, एकावर स्लाइड आणि दुसऱ्यावर चेहरे आणि कॅप्शन, अक्षरं मोठी करून. कॅप्शनची पट्टी हलवता येत असेल तर चेहऱ्याजवळ आणा, फार फरक पडतो. तरीही दुपारी चारनंतर डोकं जड होतं. कमी ऐकणाऱ्या माणसाला ऐकण्याचा थकवा येतो हा डॉक्टरी भाषेत मान्य असलेला प्रकार आहे, मेंदू दिवसभर गाळलेल्या जागा भरत असतो म्हणून, आणि कॅप्शनने तो कमी झाला पण संपला नाही, काही भाग कानावरून डोळ्यांवर आला एवढंच. सलग दोन मीटिंग झाल्या की मी दहा मिनिटं मशीन काढून ठेवते. हे मी टीमला सांगून ठेवलंय, त्या दहा मिनिटांत कुणी हाक मारत नाही.

आवाज कुठून येतोय याचाही कॅप्शनवर खूप परिणाम होतो. जो हेडसेट लावून बोलतो त्याची अक्षरं स्वच्छ येतात. जे चार जण एका खोलीत बसून एका लॅपटॉपवर बोलतात त्यांचं अर्धं गायब, आणि नाव एकाचंच दिसतं त्यामुळे कोण बोललं ते कळत नाही. फोनवरून जोडलेल्या माणसाचं तर मलाही कळत नाही आणि सॉफ्टवेअरलाही, त्याला कारण आहे, साध्या फोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेते, आणि "स"चा मोठा भाग त्याच्या वर असतो, म्हणजे तो तारेतच राहतो. फोनवर नाव सांगताना आपण सगळेच "स, समईतला स" असं सांगतो ते यासाठीच. ब्लूटूथ हेडसेटचंही असंच होऊ शकतं, गाणं ऐकताना झकास आणि त्याचाच माइक बोलायला चालू केला की जुन्या प्रकारात आवाज एकदम फोनसारखा बसतो. आमच्या टीममधल्या दोघांना मी वायरचा साधा हेडसेट वापरायची विनंती केली, त्यांनी लगेच ऐकलं, आणि त्यांचं बोलणं आता मला कॅप्शन न बघताही बरंच कळतं.

आता कॉलरचा माइक. मी याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नव्हती आणि समोरासमोरच्या मीटिंगसाठी हाच जास्त कामाचा निघाला. कानाचं मशीन हुशार असतं पण त्याचा चांगला पल्ला दीड-दोन मीटर, त्यापलीकडे ते बोलणंही मोठं करतं आणि एसीची घरघर, खुर्च्या, कीबोर्ड हेही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, एक मीटरवर नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास, चार मीटरवर ४८, म्हणजे लांबलचक टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाचं बोलणं माझ्यापर्यंत येईतो खोलीच्या आवाजात मिसळून जातं. मोठं करून ते वेगळं होत नाही. माइक मात्र बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीस सेंटिमीटरवर, तिथे बोलणं जोरात आणि खोलीचा आवाज तेवढाच, आणि तेच थेट कानात. पहिल्यांदा वापरला तेव्हा आमचे एक सीनियर सर, ज्यांचं मला आठ वर्षांत कधी धड कळलं नव्हतं, ते कानाशी येऊन बोलल्यासारखं वाटलं. ते स्वभावाने फार बारीक आवाजात बोलतात. मला उगाच वाटायचं ते मला टाळतायत.

कटकटी आहेत. एकच माइक आणि आठ माणसं, तर तो फिरवायचा कसा. आम्ही टेबलाच्या मधे ठेवून बघितला, त्या मॉडेलला तशी सोय आहे, पण चार जणांपर्यंत ठीक, पुढे नाही. हातोहात द्यायचं ठरवलं तर मधूनच बोलणारा माणूस माइक यायची वाट बघत नाही. शेवटी ज्याच्या हातात माइक त्यानेच बोलायचं असं झालं, आणि पहिले दोन आठवडे लोक वैतागले हे मला दिसत होतं. कुणी काही बोललं नाही पण चेहऱ्यावर कळतं, चेहरे वाचायची मला सवयच आहे. मग लोकांच्या लक्षात आलं की मीटिंग लवकर संपतायत, कारण एकावर एक बोलणं बंद झालं. आता माइक विसरला तर दुसरंच कुणीतरी उठून आणतं. आणि हो, लावणाऱ्याने मीटिंगनंतर काढून द्यायला विसरू नये, दारापलीकडे गेलेल्या माणसाची खाजगी बोलणीसुद्धा माझ्या कानात येतात, दोनदा असं झालं आणि मीच धावत जाऊन सांगितलं. चार्जिंग रोज करावं लागतं.

समोरासमोर एकट्यादुकट्याशी बोलायला, कॉरिडॉरमध्ये वगैरे, मी फोनवरचं ॲप वापरते. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, अँड्रॉइडवर फुकट आहे, २०१९ च्या फेब्रुवारीत आलं आणि ते बनवताना गॅलॉडेट युनिव्हर्सिटीची मदत घेतली होती, म्हणजे वॉशिंग्टनमधलं कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ. सत्तरहून जास्त भाषा सुरुवातीलाच होत्या, मराठी चालते. दोन भाषा लावून ठेवता येतात आणि एका टॅपने बदलता येतात. कोपऱ्यात दोन गोल दिसतात त्यावरून आजूबाजूचा गोंगाट किती आणि बोलणाऱ्याचा आवाज किती ते कळतं, त्यावरून फोन कुठे धरायचा ते ठरवता येतं. कुणी तुमचं नाव घेतलं तर फोन थरथरतो अशी सेटिंग आहे, ती मी लावून ठेवलीय, मागून हाक मारलेली कळते. समोरच्याला टाइप करूनही दाखवता येतं. मला हे ॲप ऑफिसच्या कामापेक्षा जास्त उपयोगी पडलं ते लोकांशी ओळख वाढायला, कारण मीटिंगबाहेरच्या गप्पा मी सोडूनच दिल्या होत्या.

वर्षात एकदा आम्हाला माणसाने केलेलं कॅप्शनही मिळालं. दोन दिवसांचं मोठं ट्रेनिंग होतं, इंग्रजीत, तेव्हा ऑफिसने एक कॅप्शन लिहिणारी बाई ऑनलाइन जोडून दिली होती. त्या स्टेनो मशीनवर लिहितात, एका वेळी अनेक की एकदम दाबून अख्खा शब्द किंवा त्याचा तुकडा एका फटक्यात, मिनिटाला २०० च्या वर शब्द जातात. सॉफ्टवेअर आणि माणूस यातला फरक मला त्या दोन दिवसांत कळला. दोघं एकदम बोलले तर त्या "दोघे एकदम बोलत आहेत" असं लिहायच्या. लोक हसले तर "हशा". कुणीतरी हळूच काही बोललं आणि त्यांना कळलं नाही तर "ऐकू आलं नाही" असं लिहायच्या, अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायच्या नाहीत. सॉफ्टवेअर हे कधीच म्हणत नाही, त्याला कळलं नसलं तरी ते ठामपणे एक शब्द लिहून मोकळं होतं, अगदी मी आठ वर्षं करत होते तसंच. महत्त्वाची मुलाखत, अप्रेझल, कायदेशीर बोलणं असेल तर माणूस मागा, मिळत असेल तर. वाजवी सोय मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही संकल्पना स्पष्ट लिहिलेली आहे आणि नोकरीसाठी वेगळं कलम आहे, सत्ताविसावं.

प्रायव्हसीबद्दल दोघांनी मला विचारलं होतं, आपलं बोललेलं सगळं साठवलं जातंय का. प्रश्न रास्त आहे. नुसतं कॅप्शन दाखवणं आणि अख्खी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या बोलण्याची लेखी नोंद, सेव्ह होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं चालू आहे ते आधी नीट बघून घ्या आणि सगळ्यांना सांगा. आमच्याकडे असं ठरलं की कॅप्शन कायम, ट्रान्सक्रिप्ट फक्त सगळ्यांनी हो म्हटलं तर. मला मागून वाचायला ट्रान्सक्रिप्ट आवडली असती, पण लोक मोकळं बोलले नाहीत तर तिचा काय उपयोग.

मार्क द्यायचे तर माइकला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो चार्जिंगचा आणि एकाच माइकचा. कॅप्शनला साडेतीन. पण हे मार्क आमच्या टीममधले आहेत हे लक्षात घ्या. हेच सॉफ्टवेअर, हीच मी, आणि दुसऱ्या एका टीमच्या मीटिंगला बसले की कॅप्शनला दोनच्या वर देता येणार नाही, कारण तिथे सगळे एकावर एक बोलतात, कॅमेरा बंद, एका खोलीत सहा जण एका लॅपटॉपवर. मी तिथे जाऊनही सांगायला सुरुवात केलीय, सुरुवातीलाच, नाव आणि काम सांगते तसंच हेही सांगते की मला कमी ऐकू येतं, बोलताना आधी नाव घ्या. पहिल्या वेळी आवाज कापत होता. मीटिंग संपल्यावर तिथल्या एका गृहस्थांनी वेगळा मेसेज केला की त्यांचंही गेली काही वर्षं असंच होतंय, कान कुठे तपासून घ्यायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना ऐकण्याच्या त्रासासाठी उपचारांची किंवा मदतीची गरज आहे असं म्हटलंय. एवढी माणसं आहेत तर तुमच्याही मीटिंगमध्ये एखादं असेल आणि बहुधा गप्प असेल.

ज्यांचं नुकतंच सुरू झालंय त्यांना सांगते, आधी ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी, मग मशीन, मग हे सगळं. कॅप्शन लावून तपासणी पुढे ढकलू नका. माइक घेताना तो तुमच्याच मशीनला जोडला जातो का ते तिथेच, दुकानातून निघायच्या आधी, लावून बघा, प्रत्येक माइक प्रत्येक मशीनला चालत नाही. आणि तुम्हाला चांगलं ऐकू येत असेल पण टीममध्ये कुणी वेगळ्या भाषेतून आलेलं असेल, किंवा घरी लहान मूल आहे म्हणून आवाज बंद ठेवून मीटिंग ऐकावी लागत असेल, तरी कॅप्शन चालू करून बघा, आमच्या टीममध्ये आता निम्मे लोक आपापलं लावतात आणि त्यांच्यातलं कुणीच कमी ऐकणारं नाहीये.

ज्या मुलाचं "नाही" मला ऐकू आलं नव्हतं तो अजून आमच्याच टीममध्ये आहे. त्याला मी त्या मेलची खरी गोष्ट सहा महिन्यांनी सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्ही माझं मुद्दाम ऐकलं नाही." म्हणजे त्यानेही सहा महिने ते मनात धरलं होतं. आता तो मीटिंगमध्ये वाक्यच उलटं करतो, "नाही, उद्यापर्यंत होणार नाही," पुढे एक आणि मागे एक.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. ज्या शब्दाची तुम्हाला खात्री नाही तो फिक्या रंगात दाखवा. आतमध्ये प्रत्येक शब्दाचा अंदाज किती पक्का याचा आकडा काढता येतो, तो आमच्यापासून लपवू नका. फिका शब्द दिसला की मी विचारून घेईन.